परिणामी रोध काढताना आधी बिंदूंना नावे द्या

पदविकेच्या पहिल्या वर्षाला विद्युत मंडले शिकवताना मला सातत्याने जाणवत आले आहे की एकसर आणि समांतर जोडणीची सूत्रे बहुतेकांना पाठ असतात. अडते ते कोणते सूत्र कोठे लावायचे हे ठरवताना. एकसर जोडणीत रोधांची बेरीज होते आणि समांतर जोडणीत त्यांच्या व्यस्तांची (१ भागिले रोध), हे ठाऊक असूनही परिणामी रोधाचे, म्हणजे सगळ्या रोधांच्या जागी चालेल अशा एकाच रोधाचे, उत्तर चुकते, कारण जोडणी आकृतीच्या आकारावरून ओळखली जाते.

म्हणून आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी पेन्सिलीने बिंदूंना अक्षरे द्यावीत. मध्ये रोध नसलेल्या तारेने जोडलेली सर्व ठिकाणे एकाच विभवावर (विद्युत पातळीवर) असतात, तेव्हा त्यांना एकच अक्षर द्यायचे. ज्या रोधांची दोन्ही टोके त्याच दोन अक्षरांवर येतात ते समांतर. आणि ज्या दोन रोधांमधील सामाईक बिंदूतून तिसरी वाट फुटत नाही ते एकसर.

समजा, प्रत्येकी ६ ओहमचे तीन रोध एका रेषेत आहेत आणि क, ख, ग, घ हे त्यांचे क्रमाने येणारे बिंदू आहेत. आता क आणि ग एका तारेने जोडले, ख आणि घ दुसऱ्या तारेने जोडले. पाहताक्षणी बरेच जण १८ ओहम असे उत्तर देतात. परंतु ग म्हणजे क आणि घ म्हणजे ख असे लिहून पाहिले, की तिन्ही रोध क आणि ख यांच्यामध्येच आहेत हे दिसते व क आणि घ यांमधील परिणामी रोध २ ओहम येतो. हे उदाहरण प्रत्येकाने स्वतः काढून पाहावे असा माझा आग्रह असतो. ते उमगले की पुढची अर्धी वाट सोपी होते.

गुणाकार भागिले बेरीज हे सूत्र फक्त दोन रोधांसाठी आहे. २, ३ आणि ६ ओहम समांतर असताना ते तिघांना लावले तर ३६ भागिले ११, म्हणजे सुमारे ३.२७ ओहम येतात. समांतर जोडणीचा परिणामी रोध सर्वांत लहान रोधाहून कमीच असायला हवा, त्यामुळे हे उत्तर तिथेच बाद होते. व्यस्तांची बेरीज १ येते, म्हणून खरा रोध १ ओहम.

उत्तर पडताळण्यासाठी मागे जावे. ६ आणि ३ ओहम समांतर आणि त्यांना एकसर ४ ओहम असतील तर एकूण ६ ओहम होतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतून २ अँपिअर धारा वाहते. ४ ओहमवर ८ व्होल्ट खर्ची पडतात, समांतर भागाला ४ व्होल्ट उरतात आणि तेथील ०.६७ व १.३३ अँपिअर यांची बेरीज पुन्हा २ अँपिअर भरते.

प्रयोगशाळेत मल्टिमीटरने रोध मोजताना पुरवठा बंद असावा आणि त्या रोधाचे एक टोक मंडलातून सोडवलेले असावे, अन्यथा त्याला समांतर असलेल्या इतर वाटांमुळे वाचन बहुधा कमी येते.