हल्ल्यानंतरच्या दिवसांत विमान पकडताना

एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे दहशतवादी हल्ला झाल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि मे महिन्यात उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ काही दिवस बंद राहिले. अशा काळात मुंबईच्या सहार विमानतळाला निघण्यापूर्वी, टॅक्सी बोलावण्याच्याही आधी, विमान वेळेवर आहे का हे विमान कंपनीच्या ॲपवर पाहावे. त्या वेळी प्रवाशांना तीन तास आधी येण्यास सांगितले होते व चेक-इन ७५ मिनिटे आधी बंद होत असे. अंधेरीतील वाहतूककोंडीचा वेळ आपण त्याहून वेगळा धरावा. अशा वेळी विमानात चढण्यापूर्वी हातातील सामान पुन्हा तपासले जात असल्याने पॉवर बँक आणि औषधे बॅगेच्या वरच्याच कप्प्यात ठेवावीत. एकट्याने प्रवास करणाऱ्या वृद्ध आईवडिलांना या दुसऱ्या तपासणीची कल्पना घरीच द्यावी, म्हणजे ऐनवेळी ते घाबरत नाहीत.