घोळ-काटेमाठ चरलेल्या जनावराचे मूत्रपिंड कसे वाचवावे

पहिल्या पावसानंतर पड रानात घोळ आणि काटेमाठ तरारून येतात. आपण त्यांची भाजी करतो, म्हणून जनावराला काही होईल अशी शंकाही येत नाही. पण दोन्हींत ऑक्झलेट असते. ते रक्तातले कॅल्शियम धरून ठेवते आणि त्याचे बारीक स्फटिक मूत्रपिंडाच्या नळ्यांत अडकून बसतात. पोट भरलेले जनावर चार घास घेऊन पुढे सरकते. उपाशी जनावर तेच तण अधाशासारखे ओरबाडते, आणि घात होतो तो इथेच.

म्हणून रानात सोडण्याआधी दावणीला कडबा टाका, पाणी दाखवा. नव्या रानात सुरुवातीला थोडाच वेळ चारा. पोटातल्या जिवाणूंना ऑक्झलेट पचवायची सवय हळूहळू लागते. लांबून चालून आलेल्या मेंढ्यांना तर थेट घोळात घालूच नका. खनिज मिश्रण रोज द्या. उसाच्या वाढ्यांतही ऑक्झलेट असते, त्यामुळे वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायची जुनी पद्धत मोडू नका.

विषबाधा झालीच तर साधारण २ ते ६ तासांत जनावर सुस्तावते, अंग थरथरते, चाल झोकांडते, तोंडाला फेस येतो, मग ते बसते. लगेच त्या रानातून बाहेर काढा आणि १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. झोकांडणाऱ्या जनावराला नळीने काही पाजू नका, ते फुप्फुसात जाते. खाल्लेले तण मुळासकट उपटून डॉक्टरांना दाखवा. काटेमाठात नायट्रेटही साठते आणि त्याचा उपचार वेगळा असतो, त्यामुळे ही मूठभर पाने फार कामाची आहेत.

डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिले की जनावर कधी कधी उठून उभे राहते आणि घरचे निश्चिंत होतात. कृपा करून तसे होऊ नका. कॅल्शियम भरून निघाले तरी मूत्रपिंडातले स्फटिक तिथेच असतात. काटेमाठ बरेच दिवस चरण्यात आला असेल, तर बिघाड ५ ते १० दिवसांनीही वर येतो. तेव्हा दहा दिवस तरी सकाळ-संध्याकाळ गोठ्यात थांबून पाहा: लघवी होते का, किती होते, जबड्याखाली किंवा गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीला सूज आहे का, वैरणीला तोंड लावते का. लघवी कमी वाटली तर त्याच दिवशी कळवा. स्वच्छ पाणी सतत समोर ठेवा. आणि घरात उरलेले वेदनेचे इंजेक्शन परस्पर टोचू नका. त्यातली काही औषधे दुखऱ्या मूत्रपिंडाला आणखी मारतात.