मोटार गरम होते? क्लॅम्प मीटर एकाच वायरला लावा

निपाणी-चिकोडीकडे उसाला पाणी देणाऱ्या थ्री फेज मोटारी तापल्या की आधी करंट मोजावा. क्लॅम्प मीटर म्हणजे वायर न तोडता, तिच्याभोवती जबडा अडकवून करंट मोजणारं यंत्र. त्याचा जबडा म्हणजे छोटा ट्रान्सफॉर्मरच. वायरभोवतीचं बदलतं चुंबकीय क्षेत्र त्याच्या गुंडाळीत प्रवाह निर्माण करतं आणि मीटर त्यावरून अँपिअर दाखवतो. म्हणून अख्खी केबल जबड्यात घेतली तर तिन्ही फेजची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात आणि बेरीज शून्याजवळ येते. (तरीही आकडा दिसलाच तर तो अर्थिंगकडे जाणारा गळतीचा करंट, हेही कामाचंच!) स्टार्टरमध्ये एकेक वायर वेगळी धरा, ती जबड्याच्या मधोमध ठेवा. तोंडाशी धूळ अडकून जबडा नीट मिटला नाही तर आकडा कमी येतो.

५ एचपीची साधी मोटार ४१५ व्होल्टला पूर्ण लोडवर साधारण ७ ते ७.५ अँपिअर घेते. सबमर्सिबल थोडा जास्त. शेवटी नावपट्टीवरचा आकडाच खरा.

समजा ७.२, ७.० आणि ८.६ आले. सरासरी ७.६, सरासरीपासून सगळ्यात मोठा फरक १.०, म्हणजे १३ टक्के असमतोल, हा जास्तच. आता मेन स्विच बंद करून टेस्टरनं खात्री करा आणि स्टार्टरमध्ये मोटारीच्या तिन्ही वायरी एकेक घर (टर्मिनल) पुढे सरकवा. दोनच अदलाबदल केल्या तर पंप उलटा फिरेल. पुन्हा मोजा. जास्तीचा करंट त्याच फेजला राहिला तर दोष लाइनीत, फ्यूजमध्ये किंवा स्टार्टरच्या काँटॅक्टमध्ये. वायरीबरोबर सरकला तर केबल किंवा वाइंडिंग तपासा.