भंडारदऱ्याला तळ्याकाठी तंबू: सोबत लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर

कॅम्पिंग म्हटलं की सगळे आधी विचारतात तंबू कुठला घेऊ. माझ्या मते तो प्रश्न तिसरा-चौथा. कॉलेजच्या पोरांनी कुठेही पथारी टाकली तरी चालून जातं, पण सोबत सासूबाई आणि पाच वर्षांचं कार्टं असेल तर पाणी किती लांब, संडास किती लांब आणि वारा कुठून येतो यावरच रात्र बरी जाणार की नाही ते ठरतं. तंबू भाड्याचा असला तरी काही बिघडत नाही.

आधी सीझन. पावसाळ्यात तंबू विसरा, घाटघर-रतनवाडीकडे पाऊस असा कोसळतो की कुठलाही तंबू टिकत नाही, तेव्हा सरळ होमस्टे घ्या. घरच्यांसाठी बेस्ट म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जाऊ शकतो, मुंबईकरांना हे खरं वाटत नाही आणि एकेक पातळ चादर घेऊन येतात. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात काजवे असतात, ते जबरदस्तच, पण गर्दी भयानक आणि वळवाचा पाऊस कधीही येतो. काजव्यांसाठी जाणारच असाल तर वनखात्याचे त्या वर्षीचे रात्रीचे नियम आधी विचारून घ्या, आणि झाडाखाली गाडीचे हेडलाइट आणि मोबाईलचा फ्लॅश बंद, प्लीज. कालनिर्णय बघून अमावास्येच्या आसपासचा वीकेंड धरलात तर काजवे आणि चांदण्या दोन्ही मस्त दिसतात.

आता पाणी. हे नैसर्गिक तळं नाही, प्रवरेवर इंग्रजांनी बांधलेल्या आणि १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय आहे, त्याला आर्थर लेक म्हणतात. धरणाचं पाणी खाली शेतीला जातं, त्यामुळे आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीच्या पाळीचं पाणी सोडलं, की काठ मागे सरकत जातो. ऑक्टोबरमध्ये काढलेल्या फोटोत तंबूच्या दारात पाणी दिसतं, त्याच जागी एप्रिलमध्ये गेलात तर समोर भेगाळलेला गाळ आणि पाणी पार लांब. म्हणून कॅम्पवाल्याला बुकिंगआधी व्हॉट्सॲपवर आजचा फोटो मागा, जुना नाही, आजचा. दुसरं म्हणजे त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर गाववाले गाळपेर करतात, हिरवंगार दिसतंय म्हणून तिथे तंबू ठोकू नका, ते कुणाचं तरी पीक असतं. आणि गाळावर गाडी तर अजिबातच नेऊ नका. वरून कडक पापडी असते, खाली लोण्यासारखा चिखल, पुढची चाकं एकदा रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि तुम्ही ढकलत असताना घरचे शूटिंग करतात.

पोहणं नाही. मुलांना आधीच घरी सांगून ठेवा म्हणजे तिथे रडारड होत नाही. धरणाच्या पाण्यात काठापासून चार पावलांवर एकदम खोली लागते आणि तळाच्या गाळात पाय अडकतो, चांगले पोहणारेही यात फसतात. बोटिंग करायचं तर लाइफ जॅकेट अंगात घालून, मांडीवर ठेवून नाही.

जागा निवडताना मी असं बघते: पाण्यापासून निदान शंभरेक पावलं आणि थोडी उंचावर, कारण अगदी काठाला दंव जास्त पडतं आणि पोरं पाण्याकडे पळतात. झाडाच्या बरोबर खाली नाही, वाळक्या फांद्या वाऱ्याने पडतात. तंबूचं दार वाऱ्याच्या उलट बाजूला. धरणालगतच्या शेंडी गावाजवळ दुकान, चहा, माणसं, नेटवर्क सगळं जवळ, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तिथेच राहावं. मुरशेत, पांजरे, रतनवाडी बाजूला शांतता खरी पण रात्री कुणाचं पोट बिघडलं तर लांब पडतं. सगळ्यात उत्तम जुगाड म्हणजे एखाद्या होमस्टेच्या अंगणात किंवा शेतात तंबू आणि आजी-आजोबांना घरात खोली. फोनवर न लाजता विचारा, कमोड आहे का, रात्री लाइट असतो का, गरम पाणी मिळेल का. ‘सगळी सोय आहे ताई’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका, फोटो मागा.

शनिवारी गेलात तर शेजारी स्पीकरवाला ग्रुप येणार हे धरून चाला. जमत असेल तर रविवारी रात्रीचा मुक्काम करा, अर्धा काठ रिकामा असतो.

सामान. चार जणांचा म्हणून विकतात तो तंबू तीन जणांचा असतो, बॅगा धरल्या तर अडीच. वरचं कव्हर वेगळं असलेला घ्या आणि थंडीतही वरची जाळी थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाच्या वाफेचं आतून पाणी होऊन पहाटे टपटप अंगावर पडतं. खालची ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावता कामा नये, दुमडून आत घ्या, नाहीतर दंवाचं पाणी तिच्यावरून घरंगळत थेट खाली येतं. जमीन मुरमाड आहे, खुंट्या हाताने जात नाहीत, हातोडी न्या. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते, म्हणून खाली फोमची मॅट, त्यावर गोधडी, आणि मग पांघरूण. कानटोपी प्रत्येकाला, आजोबांना दोन. बूट तंबूच्या आत ठेवायचे आणि सकाळी झटकून घालायचे, विंचू असतात. रात्री संडासला जाताना टॉर्च पायाशी मारत जायचं.

एक गोष्ट मात्र अगदी कडक: कोळशाची शेगडी किंवा विझत आलेले निखारे ऊब म्हणून तंबूत न्यायचे नाहीत. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, वास येत नाही, झोपेतच माणूस जातो. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपणंही तसंच.

जेवण घरून न्यायच्या भानगडीत पडू नका. संध्याकाळी गावातून पिठलं, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, ठेचा सांगून ठेवा, खाणारे असाल तर गावठी कोंबडी, मात्र ती दुपारीच सांगावी लागते. हा अकोले तालुका, बीजमाता राहीबाई पोपेरेंचा, गावठी वाण जपणारी माणसं इथे आहेत, काळभात हा तिथला गावठी तांदूळ मिळाला तर घरी घेऊन या. मुलांसाठी मेतकूट-तूप आणि मॅगी जवळ असू द्या. छोटा गॅस नेणार असाल तर लक्षात ठेवा, ब्युटेनचा डबा पहाटेच्या गारठ्यात धड पेटत नाही, आच मंदावते, म्हणून पेटवण्याआधी रात्रभर तो पांघरुणात गुंडाळून ठेवा किंवा सकाळचा चहा गावातच प्या. यातला बराच भाग अभयारण्यात येतो, शेकोटी कॅम्पवाला सांगेल तिथेच आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवायची.

कॅराव्हॅनने जायची हौस असेल तर राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, गाड्या भाड्यानेही मिळतात. पण खरं सांगू का, या तळ्याभोवतीच्या रस्त्याला मोठी गाडी मला पटत नाही. रस्ता अरुंद, समोरून एसटी आली की मागे घेत बसा, गावात वायरी खाली लोंबतात, झाडांच्या फांद्या छताला घासतात. न्यायचीच तर शेंडीत एखाद्या हॉटेलच्या आवारात लावा, पंधरा अँपिअरचं सॉकेट आहे का आधी विचारा, आणि तिथून पुढे रतनवाडीला लोकल जीप करा. संडासाची टाकी तळ्याकडे सोडायची नाही, हे सांगावं लागू नये पण लागतं.

मुंबईहून अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झालाय, त्यामुळे इगतपुरीपर्यंत कसारा घाट टळतो, फक्त त्यावर चढण्याआधी टायरची हवा बघा. पुढे घोटीला टाकी फुल करा, कॅश काढा, कारण आत रेंज गेली की यूपीआयही गेलं. नकाशा ऑफलाइन डाउनलोड करा. घोटीहून बारीमार्गे शेंडी पस्तीस-एक किलोमीटर, वाटेत कळसूबाई दिसतं, १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच, पण आजी-आजोबांसोबत ते गाडीतूनच बघायचं. वनखात्याच्या नाक्यावर फी भरून पावती जवळ ठेवा. कसंही करून चार वाजेपर्यंत पोचा, अंधारात तंबू उभारताना नवरा-बायकोची भांडणं हमखास होतात.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्याशिवाय तंबू गुंडाळू नका, दंव सुकलं पाहिजे, नाहीतर आठवड्यात बुरशीचा वास. तोवर आंघोळी उरका आणि रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर करून या, कोरीवकाम निवांत बघण्यासारखं आहे आणि फार चालावं लागत नाही. कचऱ्याची पिशवी गाडीत टाका, गावात ती उचलायला कुणी येत नाही. रविवारी परतत असाल तर जेवण करून दोनच्या आत घोटी सोडा, संध्याकाळी भिवंडीच्या पुढे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.