शाळा व्यवस्थापन समितीत सह्या आहेत, माणसं नाहीत? या चुका टाळा

नाशिकच्या दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या गावात मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले, त्याच महिन्यात मी मोठी चूक केली. समितीच्या बैठकीचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, आधीच लिहून ठेवलं आणि चौथीतल्या मुलाच्या हाती वही देऊन घरोघरी सह्यांना पाठवली. संध्याकाळपर्यंत बहुतेक सह्या झाल्या. एका आईने मात्र वही तशीच परत केली आणि निरोप दिला, "बाई, बैठक झालीच नाही, मंग सही कशाची करू?"

त्या रात्री मी शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ पुन्हा वाचलं. २००९ च्या या कायद्याने समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा तयार करणं, अनुदान नीट खर्च होतंय का ते पाहणं, हे सगळं काम त्यांचं आहे. आम्ही मात्र त्यांच्याकडे फक्त सह्या मागत होतो.

बैठकीची वेळ शाळेच्या सोयीने ठरवणं

"पालक येतच नाहीत" ही तक्रार नाशिकमधल्या शाळांच्या प्रत्येक केंद्रात ऐकू येते. येणार कसे? द्राक्षबागेत ऑक्टोबरात फळांसाठीची गोडी छाटणी, पुढे मण्यांची विरळणी, जानेवारीपासून घडांचा खुडा. निफाड-येवल्याकडे कांद्याची लागण आणि काढणी. सकाळी अकराची बैठक म्हणजे मजुरी करणाऱ्या आईचा पूर्ण दिवसाचा रोज बुडाला. आम्ही बैठक गावच्या बाजाराच्या दिवशी घेऊ लागलो, कारण त्या दिवशी मजुरांना सुट्टी असते. कोरम त्याच महिन्यात भरला.

सूचना वहीवर सही घेतली म्हणजे निरोप पोहोचला असंही नाही. दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर आवाजातला निरोप टाका, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या घरी स्वतः जा.

बाईच्या खुर्चीत नवरा

हे चालवून घेऊ नका. पहिल्याच वेळी नम्रपणे सांगा, "दादा, सदस्य ताई आहेत, त्यांना पाठवा." ताई पहिल्या दोन बैठकांत बोलणार नाहीत. त्यांना थेट माहितीचा प्रश्न विचारा: पोषण आहाराची खिचडी आज कशी होती, मुलगी शाळेत पाणी कुठलं पिते? आमच्याकडे मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसल्याची गोष्ट अशाच एका प्रश्नातून पुढे आली. शिक्षक म्हणून आम्ही रोज तिथून जात होतो आणि तरी ते आमच्या नजरेत भरलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पैशाचा हिशेब कपाटात ठेवणं

गावाचा विश्वास सगळ्यात लवकर इथे तुटतो. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या निकषानुसार १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान धरलेलं आहे, त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. रक्कम किती आली, कशावर गेली, शिल्लक किती, हे फळ्यावर लिहा. लोकवर्गणी घेतली तर दहा रुपयांचीही पावती फाडा. कुणी बिल मागितलं तर रागावू नका, त्यांच्यासमोर फाइल उघडा. अध्यक्षांना कोरा चेक सहीसाठी देणं तर कधीच नको. त्यांना आधी खर्च समजावून सांगा.

आराखड्यात "दुरुस्ती आवश्यक" एवढंच लिहिणं

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्यात दरवर्षाचा उपआराखडा असतो. "स्वच्छतागृह दुरुस्ती" असं लिहिलं की ते कुणाचंच काम राहत नाही. आम्ही लिहिलं: टाकीपासून चाळीस फूट पाईप, दोन नळ, एक कडी. ते पान २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी ग्रामसेवकांकडे दिलं आणि ग्रामसभेत पाण्याची गोष्ट सांगणाऱ्या त्या ताईच बोलल्या. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात काम बसलं तर निधीची वाट मोकळी होते. ग्रामसभा उलटल्यावर सरपंचांच्या दारात उभं राहून फारसं काही हाती लागत नाही.

अध्यक्षनिवडीत गावातले दोन गट भांडत असतील, तर आधी वर्गवार पालकांतून सदस्य निवडा, मग सदस्यांना अध्यक्ष निवडू द्या. शिक्षकांनी कुठल्याच बाजूचं नाव सुचवू नये.

मळ्यावरच्या मुलांना "आपली" न मानणं

पेठ-सुरगाण्याहून बागांवर कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं शाळेसमोरून जातात, आणि समितीच्या कुठल्याच बैठकीत त्यांचा विषय निघत नाही. दाखला नाही म्हणून कुणी त्यांना परत पाठवू नये. बदलीचा दाखला उशिरा मिळाला तरी प्रवेश रोखता येत नाही, असं कायद्यात स्पष्ट आहे. आमच्या समितीतले एक बागायतदार स्वतः मळ्यावर जाऊन मुलांची यादी करून आणत. ते काम आम्हा शिक्षकांना जमलं नसतं, कारण आमच्यासाठी मजूर दार उघडायला कचरत. मुलं वर्गात आल्यावर मूळ गावच्या गुरुजींना फोन करून कुठवर शिकवून झालंय ते विचारून घ्या. आणि होळीच्या आधी पुन्हा एक फोन करा, कारण शिमग्याला ही कुटुंबं गावी परततात आणि मूल दोन्ही हजेऱ्यांतून सुटण्याची वेळ नेमकी तीच असते.