कुंडी आतून मोजा: हाताने घडवलेल्या बोन्साय कुंड्या निवडताना

बोन्सायच्या कुंड्यांबद्दल आपल्याकडे फिरणारे बरेच सल्ले थंड देशांतून उचललेले असतात. ‘हिवाळ्यात तडकू नये म्हणून पक्की भाजलेलीच कुंडी घ्या’ हा त्यातला पहिला. सोलापुरात कुंडीतलं पाणी गोठून कुंडी फुटल्याचं कुणी ऐकलंय? इथे कुंडीचे वैरी दोनच, बोअरच्या पाण्यातला क्षार आणि एप्रिल-मेचं ऊन. भाजणी पक्कीच हवी, पण ती या दोघांसाठी.

१. भाजणी तपासा

माठ घेताना मारतो तशी टिचकी मारा. खणखणीत वाजली तर पुढे बघायचं. आवाज बद्द आला तर भाजणी कच्ची असते किंवा कुठेतरी न दिसणारी चीर असते. कुंडी घरी आल्यावर दोन दिवस उन्हात कडक वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, वरचं पाणी पुसून पुन्हा वजन करा. १,००० ग्रॅमची कुंडी १,०३० झाली, तर तिने ३ टक्के पाणी प्यायलं. १,२०० अंशांच्या पुढे भाजलेलं चांगलं स्टोनवेअर (दगडासारखी घट्ट भाजलेली माती) यापेक्षा जास्त पीत नाही. ९००-१,००० अंशांवरची लाल मातीची कुंडी १० टक्के आणि त्याहूनही जास्त पिते.

‘पिऊ दे की, माठासारखी गार राहील.’ हे अर्धं खरं आहे. पाणी भिंतीतून झिरपून उडून जातं, पण क्षार मागे राहतो. आधी पांढरी रेघ दिसते, मग भिंतीच्या आत खडे वाढतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत काठाचे पापुद्रे सुटायला लागतात. लाल मातीची कुंडी झाड वाढवण्याच्या वर्षांत खुशाल वापरा. जपून ठेवायच्या कुंड्यांत तिला जागा देऊ नका.

२. बूड बघा

कुंडी कडप्प्यावर ठेवून कोपरे दाबा. डुगडुगली तर नको. आत वाटीभर पाणी ओता. भोकांतून सगळं निघून गेलं पाहिजे, कोपऱ्यात डबकं राहिलं तर मुळं तिथेच कुजणार. आतल्या बाजूला झिलई नसावी. भोकं १५-२० मिलिमीटरची, शिवाय झाड बांधायची तार ओवायला चार बारीक छिद्रं. ‘भोक नंतर पाडून घेऊ’ म्हणत शोभेची थाळी आणू नका. पाडता येतं (हिऱ्याचं बिट, ड्रिलचा हातोडा बंद, पाण्याची धार चालू), पण हातची गेली की गेलीच.

कोपऱ्यात साच्याच्या जोडाची सरळ उभी रेघ दिसली तर ती साच्यात ओतलेली कुंडी. त्यात वाईट काही नाही, फक्त हाताच्या कामाचा भाव देऊ नका. बुडावरचा शिक्का मात्र नेहमी बघा. जपानचं टोकोनामे किंवा चीनचं यिशिंग इथल्या कुंड्यांची ओळखही बुडावरच्या शिक्क्यावरूनच लावतात. अर्थात शिक्काही खोटा मारता येतो, म्हणून टिचकी आधी.

३. माप: इथेच सगळे चुकतात

नियम सगळ्यांना पाठ असतो. कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश, झाड उंचीपेक्षा रुंद असेल तर पसाऱ्याच्या दोन-तृतीयांश, आणि खोली बुंध्याच्या जाडीएवढी. नियम चुकीचा नाही. पण तो डोळ्यांसाठी केलेला, बाहेरच्या मापाचा नियम आहे. मुळं आत राहतात.

४५ सेंटिमीटर उंचीचं उंबर घ्या, बुंधा ६ सेंटिमीटर. नियमाने कुंडी आली ३० लांब, २० रुंद, ६ उंच. हिशेबात ३.६ लिटर. आता आतून मोजा. काठ आणि भिंत मिळून दोन्ही बाजूंनी दीड-दीड सेंटिमीटर गेले, उरले २७ बाय १७. उंचीतून पायांचा १ आणि बुडाचा ०.८ गेला, उरले ४.२. म्हणजे १.९ लिटर, जेमतेम अर्धं. पाणी थांबायला काठाखाली अर्धा सेंटिमीटर सोडला की आणखी कमी. वर गच्चीत मे महिन्याचं ४२-४३ अंशांचं ऊन. सकाळी आठला घातलेलं पाणी दुपारी बारापर्यंतही पुरत नाही, आणि उथळ कुंडीत मुळांना खाली गारव्याला पळायलाही जागा नसते. पानं करपली की लोक खताला दोष देतात.

म्हणून सोलापुरात खोली ठरवताना बुंध्याची जाडी हे आतलं माप धरा. याच उंबराला आतून ६ म्हणजे बाहेरून सुमारे ८ सेंटिमीटर उंच कुंडी लागेल. जाड दिसेल अशी धास्ती असेल तर काठ बाहेर वळलेली किंवा भिंती खाली निमुळत्या होणारी कुंडी घ्या, दोन सेंटिमीटर डोळ्यांना जाणवत नाहीत. पाय उंच असले तरी कुंडी हलकी दिसते. लांबी मात्र वाढवू नका. लांबी वाढली की झाड पोरकं दिसतं.

पसरलेल्या वडाच्या बाबतीत तर नुसत्या उंचीवर जाऊच नका. ४० उंच आणि ७० पसाऱ्याच्या वडाला ४६-४७ सेंटिमीटरची लंबगोल कुंडी लागते. उंचीवरून काढलेली २७ ची कुंडी त्याला दिली तर वारा आला की तो कलंडणारच.

आकडे जुळले तरी डोळ्यांनी खात्री करा. हव्या त्या कुंडीच्या लांबी-उंचीची पुठ्ठ्याची पट्टी कापा. झाड विटांवर चढवून बुंधा डोळ्यांच्या रेषेत आणा. झाड सध्या ज्या कुंडीत आहे तिच्यापुढे पट्टी धरून तिचा वरचा काठ मातीच्या पातळीला लावा, दोन मीटर मागे जाऊन मोबाईलने समोरून फोटो काढा. मग पट्टी १ सेंटिमीटरने वाढवून-कमी करून पुन्हा काढा. चार फोटो शेजारी ठेवले की उत्तर दिसतं. फोटो काळा-पांढरा करून बघा, रंगाची भूल उतरते. उभ्याने वरून बघून कुंडी ठरवणारे हमखास मोठी कुंडी घेतात.

४. आकार आणि रंग

सरळ, दणकट बुंध्याला कोनदार चौकोनी कुंडी. नागमोडी बुंधा आणि झाडांच्या समूहाला लंबगोल. खाली झेपावणाऱ्या बोगनवेलीला खोल कुंडी, आणि ती स्टँडला तारेने बांधलेली, नाहीतर पहिल्याच वळवाला जमिनीवर. वड, उंबर, चिंच यांना बिनझिलईची तपकिरी किंवा राखाडी. किरमिजी बोगनवेलीला मळकट पांढरी.

डाळिंबाशिवाय सोलापूरकराचा संग्रह पुरा होत नाही. फूल शेंदरी-लाल, फळही तांबूस, म्हणून लोक लाल कुंडी आणतात आणि दोन्ही मरगळतात. निळसर हिरवी झिलई द्या, फूल पेटून उठतं. चकचकीत नको, मंद चमकेची. बारीक फळाच्या जातीचं पीळदार खोड असेल तर अशा कुंडीत वर्षभर बघण्यासारखं राहतं.

काळी झिलई आवडत असेल तर मार्च ते जून ५० टक्के शेडनेटखाली ठेवा. आणि कुठलीही कुंडी थेट स्लॅबवर नको.

५. करून घेताना

कुंभाराला किंवा स्टुडिओत माप सांगताना ‘भाजून झाल्यावर’ हे शब्द कागदावर लिहून द्या. ओलं भांडं वाळून-भाजून १०-१२ टक्के आखडतं. भाजून ३० हवी असेल तर ओली ३४ वळावी लागते. न सांगता ३० म्हटलं तर २६-२७ ची हातात येते आणि भांडण होतं. ४० च्या पुढची सपाट थाळी भट्टीत वाकण्याची शक्यता जास्त. घाईत मागितली तर वाकलेलीच मिळेल.

६. लावणं आणि सांभाळणं

भोकांवर जाळी, झाड बांधायला तार, भरायला चाळलेलं विटेचं मिश्रण. काळी माती अजिबात नको. झाड मधल्या रेषेच्या किंचित मागे आणि एका बाजूला.

क्षाराचा पांढरा थर म्हणजे जुनेपणाची झळाळी नव्हे. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, अर्धा तास, नायलॉनचा ब्रश, मग दिवसभर साध्या पाण्यात. बाथरूमचं ॲसिड लावू नका, झिलई खराब होते. तेल चोळण्याचा सल्लाही सोडून द्या, इथली धूळ त्यावर जी बसते ती निघत नाही.

रिकाम्या कुंड्या एकात एक तीनच रचा, मध्ये जुन्या सोलापुरी चादरीचे तुकडे. प्रत्येकीच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर पेन्सिलीने आतलं माप लिहा. झाडांची मापंही मोबाईलमध्ये असू द्या, म्हणजे प्रदर्शनात नुसत्या झिलईवर जीव जडून कुंडी घरी येत नाही.