सहलीहून आणलेल्या शिंपल्यांत कीहोल लिम्पेट कसा ओळखावा

मराठवाड्याला समुद्र नाही, पण शाळेची सहल गणपतीपुळ्याला जाऊन आली की शिंपल्यांची पिशवी घरी येतेच. त्यात नखाएवढा, माथ्यावर भोक असलेला शंकूसारखा शिंपला असला, तर तो कीहोल लिम्पेट असू शकतो. ही एक समुद्री गोगलगाय. बांधकामाला टाकलेल्या गोदावरीच्या वाळूत पोरं शिंपले वेचतात, तिथे मात्र हा शोधू नका. याचं सगळं कूळच खाऱ्या पाण्यातलं.

आधी शिंपले धुऊन घ्या. साधं पाणी आणि मऊ टूथब्रश पुरे. लिंबू, व्हिनेगर अजिबात नको: शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा, आंबटाने विरघळतो आणि वरची बारीक नक्षीच आधी जाते. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, वाळल्यावर पांढरे डाग सोडतं. म्हणून शेवटी जारच्या पाण्यातून काढा आणि सावलीत वाळवा.

दोन झडपांचे आणि वेटोळ्याचे बाजूला करा. उरतील ते शंकू.

आता भोक बघा. फसगत होते ती इथेच. साध्या लिम्पेटचा माथा लाटांनी झिजून फुटतो, त्या भोकाची कड पातळ आणि वेडीवाकडी असते. शिकारी गोगलगायीने पाडलेलं भोक गोल, बाहेरून रुंद, आत निमुळतं, आणि ते शिंपल्यावर कुठेही असतं. खऱ्या कीहोल लिम्पेटचं भोक बहुधा लांबट, कडा गुळगुळीत. खात्रीसाठी शिंपला उलटा करा: भोकाभोवती आतून जाडसर कडं दिसलं पाहिजे. त्या कड्याची एक बाजू सरळ कापल्यागत असेल, तर तो डायोडोरा प्रजातीचा; ती बाजू शेपटाकडची. आतला नालेच्या आकाराचा पुसट वण स्नायूचा, त्याचं उघडं तोंड डोक्याकडे. भोकाचं कामही यावरून कळतं: डोक्याकडून पाणी आत येतं, कल्ल्यांवरून जातं आणि घाण घेऊन भोकातून बाहेर पडतं. पिल्लू असताना हे भोक नसतं, पुढच्या कडेला नुसती चीर असते. वाढताना ती खालून बुजते.

मोबाईलचा कॅमेरा जवळ धरून बाहेरची बाजू पाहा. माथ्यापासून निघालेल्या उभ्या रेघांना आडव्या रेघा छेदून जाळी झालेली दिसेल.

शेवटी काड्यापेटीत कापूस घालून शिंपला ठेवा. चिठ्ठीवर किनाऱ्याचं नाव, तारीख आणि मिलिमीटरमध्ये लांबी लिहा. नेमकी जात लिहायची घाई नको, नुसतं ‘डायोडोरा’ चालेल. किनाऱ्याचं नाव मात्र सहलीच्या मास्तरांना आजच विचारून घ्या.